नानांच्या दगडावरचा रंग

मी नशिराबादला दगडाचं काम करतो. माझ्या मोठ्या बहिणीचे, अक्काचे, यजमान गेले. सगळा गाव त्यांना नाना म्हणायचा. तेव्हा अक्का म्हणाली, मळ्यात विहिरीजवळ त्यांचा चेहरा कोरलेला दगड बसवायचा आणि तो तूच घडवायचा.

उठावाचं काम म्हणजे निम्मा खेळ उन्हाचा. चेहरा दगडातून जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढा वर काढायचा. ऊन तिरकं पडलं की गाल-नाक आपोआप भरून येतं. नाना हसले की डोळ्यांच्या कडेला बारीक सुरकुत्या पडायच्या. घडवताना त्या सुरकुत्यांनीच मला सगळ्यात जास्त रडवलं. दगड बसवला त्या संध्याकाळी अक्का नुसती बघत राहिली. मला वाटलं, जमलं.

दिवाळीनंतर गेलो तर नाना गुलाबी! ऑइलपेंटचा चेहरा, पांढरीशुभ्र टोपी आणि काळ्याभोर मिशा. एवढ्या मिशा नानांना उभ्या जन्मात नव्हत्या. मी हसून सोडून दिलं. पण दर दिवाळीला अक्का जुन्या रंगावर नवा हात फिरवायची. आधी सुरकुत्या बुजल्या, मग पापण्या. यंदा पाहतो तर एक गुळगुळीत गुलाबी पाटा आणि त्यावर मिशा.

माझं डोकंच फिरलं. "अक्का, लिंपून टाकलंस तू नानांना. मी सगळा रंग खरवडणार. पुन्हा ब्रश लावायचा नाही."

अक्का विहिरीच्या काठावर बसली. "खरवड. पन मंग ते राखाडी दिसतीन."

"दगड राखाडीच असतो."

"दवाखान्यातून घरी आनले तवा त्याईचं तोंड तसंच होतं, भाऊ. राखेच्या रंगाचं. तू दगड बसवला त्या संध्याकाळी मले तेच दिसलं. रोज मळ्यात आली का तेच पाहू का मी?"

मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं मी त्या संध्याकाळची शेखी मिरवत होतो.

रंग खरवडला. मग छिन्नी घेऊन सगळ्या खाचा खोल केल्या. उठावाच्या कामात असं करू नये, सावली ढोबळ होते. पण दर दिवाळीच्या रंगाला जागा तर हवी. मीच म्हणालो, "अक्का, डबा आण. जरा पातळ कर."

मिशा तिनं यंदाही जाडच काढल्या. डोळ्यांपाशी आल्यावर मात्र ब्रश खाली ठेवला आणि सुरकुत्यांत साचलेला रंग पदराच्या टोकानं हळूहळू टिपून घेतला.