धुडकूच्या रक्तातला चुना

धुडकू पाटील आमच्या भेस्तानच्या चाळीत एकोणीस वर्षं राहिला. मूळचा अमळनेरकडचा, लूमच्या कारखान्यात विणकर. माणसांशी बेताचं बोलायचा. खोलीमागे दोन शेळ्या बांधलेल्या असत. तंबाखू मळून झाली की त्यांच्या कानांतले गोचीड काढत त्यांच्याशी मात्र तासभर गप्पा मारायचा.

त्या शेळ्यांमुळेच सत्त्याण्णव साली त्याचं रक्त तपासायला गेलं. मेडिकल कॉलेजचे डॉक्टर जनावरं पाळणाऱ्या घरांत फिरत होते. गोचीड चावून होणारा कुठलासा परदेशी आजार आपल्याकडे कुणाला होऊन गेलाय का, हे त्यांना पाहायचं होतं. पण इथल्या गुजरातीत गोचिडाला म्हणतात 'इतरडी', आणि धुडकूनं ऐकलं 'आतडी'. "माझी आतडी चांगली आहेत," असं बजावून त्यानं हात पुढे केला.

महिन्याभरानं इंग्रजी कागद आला. बारावीतल्या ललितनं, त्याच्या मुलानं, वाचून सांगितलं, "लाइम पॉझिटिव्ह. लाइम म्हणजे चुना. पॉझिटिव्ह म्हणजे आहे."

"मना रंगतमा चुना शे?" धुडकू कागद घेऊन माझ्याकडे आला. "गुरुजी, तंबाखूतला रक्तात उतरला का हो?"

मी चौतीस वर्षं मराठी शिकवलेली. शब्दकोश उघडला. त्यात चुना होता, पण त्याचं स्पेलिंग 'आय'नं. कागदावर मधे 'वाय' होता. टायपिस्टची चूक समजून मी लाल पेन्सिलीनं 'वाय' खोडला, वर 'आय' लिहिला आणि म्हटलं, "असेल बाबा." आजही ते आठवून कानशिलं तापतात.

नेमकं त्याच आठवड्यात त्याच्या बायकोचं, सुभद्राबाईंचं, पिशवीचं ऑपरेशन ठरलं होतं. दवाखान्यानं रक्ताच्या दोन बाटल्या सांगितल्या होत्या, बी पॉझिटिव्ह. धुडकूचा गट तोच. एक बाटली सुभद्राबाईंचा भाऊ मगन देणार होता, दुसरी धुडकू. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, बायकोला आपण स्वतःचं असं काही दिलं नाही, हे त्याच्या मनात कधीचं असावं. शेळ्यांना सांगताना मी ऐकलं होतं.

"आता चुन्याचं रक्त तिला कसं देऊ?" तो म्हणाला. "आणि पॉझिटिव्ह तर पाहिजेच म्हणतात. मग माझं चांगलं की वाईट?"

आम्ही दोघं कॉलेजात गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला, माझी लाल पेन्सिल पाहिली आणि तोंडावर रुमाल धरला. "सर, लाइम हे अमेरिकेतल्या एका गावाचं नाव आहे. त्यावरून आजाराला नाव पडलं."

"मी कधी गेलो नाही तिकडे," धुडकू घाईनं म्हणाला.

त्यांनी शांतपणे समजावलं. गोचीड चावल्याची रक्तातली जुनी खूण असेल, पहिली चाचणी कधीकधी फसते, म्हणून दुसरी करायची. तोवर रक्त देऊ नका.

"म्हणजे मी आजारी आहे?"

"तसं दिसत नाही."

"मग बरा आहे?"

"ते तीन आठवड्यांनी सांगू."

ऑपरेशन त्याआधीच झालं. दुसऱ्या बाटलीला मगनचा मुलगा उभा राहिला. धुडकू बाहेरच्या बाकावर बसून होता. शुद्धीवर आल्यावर सुभद्राबाई त्याला म्हणाल्या, "आते मना आंगमा माहेरनं रंगत शे. जपीसन बोला!" मगन खो खो हसला. धुडकूही हसला, पण जरा उशिरा.

तीन आठवड्यांनी दुसरा कागद आला. त्यावर लिहिलं होतं 'निगेटिव्ह'. या वेळी मी पेन्सिल उचलली नाही. धुडकूनं कागदाची चौकोनी घडी केली आणि कारखान्यात खाडा करून रक्तपेढी गाठली. मी सोबत होतो.

"काका, कोना माटे?" कुणासाठी, असं कारकुनानं विचारलं.

"सुभद्राबाई धुडकू पाटील."

कारकुनानं वही चाळली. "त्यांना तर घरी सोडलं. रक्त नको आता."

"पुढच्या वेळेला ठेवा. तिच्या नावानं."

"महिनाभर टिकतं, काका. लोणचं आहे का ते?"

धुडकू उभाच राहिला. मागच्या माणसानं खोकून दाखवलं तरी हलेना.

"बरं, मग ज्याला लागेल त्याला द्या," तो शेवटी म्हणाला. "पण पावतीवर तिचं नाव घाला. तिला दाखवायचंय."

कारकुनानं माझ्याकडे पाहिलं, आणि अर्ज पुढे ओढला. बोटातून थेंब घेऊन गट तपासला. "बी पॉझिटिव्ह," असं मोठ्यानं म्हणत त्यानं लिहायला घेतलं.

धुडकूनं चटकन हात मागे घेतला, खिशातली घडी उलगडून टेबलावर ठेवली.

"नाही हो, नीट बघा," तो म्हणाला. "आता निगेटिव्ह झालोय मी."