पुसलेला नळ

आमची कॅरॅव्हॅन आम्ही फायनल एक्झिटवर, म्हणजे सौदी कायमचं सोडून निघालेल्या एका कुटुंबाकडून घेतली. देश सोडून जाताना माणसं जे विकतात ते एकतर फारच चांगलं असतं नाहीतर फारच भिकार, आणि आपल्या वाट्याला काय आलं हे पैसे दिल्यावरच कळतं. नवऱ्याने आत जाऊन दिवे लावून पाहिले, गाद्या दाबून पाहिल्या, फ्रिजचं दार चारदा उघडलं-मिटलं. पाण्याच्या टाकीत डोकावायचं त्याला सुचलं नाही. तो आयटीतला माणूस आहे. स्क्रीनवर लाल काही दिसत नसेल तर सगळं नीट चाललंय असं तो धरून चालतो.

पहिली सहल रियाधपासून दोन तासांवरच्या एका कॅम्पला केली. तिथे प्रत्येक गाडीला आखून दिलेला एक चौकोन मिळतो. त्यात विजेचा खांब, पाण्याचा नळ, आणि गाडीतलं मैलापाणी सोडायला जमिनीत एक भोक. नळाला पाइप लावायचा, त्याचं दुसरं टोक गाडीला जोडायचं, की आत बेसिनला, शॉवरला, सगळीकडे पाणी. नवऱ्याला गाडीखालच्या कप्प्यात एक पाइप सापडला आणि त्याने तो जोडला. आधीची मंडळी त्याच पाइपाने संडासाची टाकी धूत होती, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी शरीराने सांगितलं. माणसं तीन आणि संडास एक, तोही उभ्या कपाटाएवढा. आमच्यातली शालीनता किती पातळ आहे हे त्या शनिवारी कळलं, आणि इतरही बरंच काही पातळ होतं. परत येताना गाडी सहा वेळा थांबवावी लागली, आणि तो रस्ता म्हणजे दोन्ही बाजूंना सपाट वाळवंट. आडोसा म्हणून एक झुडूप नाही.

त्या दिवसापासून पाण्याचं खातं मी माझ्याकडे घेतलं. रियाधच्या ओलाया भागातल्या एका बँकेत मी कम्प्लायन्सला आहे, म्हणजे लोकांनी नियम पाळले की नाही हे बघण्याचा मला पगार मिळतो. घरी मी ते फुकट करते. पिण्याच्या पाण्याचा पाइप पांढरा, धुण्याचा हिरवा, दोघांच्या पेट्या वेगळ्या, आणि पांढऱ्याच्या दोन्ही तोंडांना टोपणं. सहलीच्या आदल्या दिवशी टाकीत साठ लिटरला पाव कप या हिशेबाने ब्लीच घालायचं, रात्रभर ठेवायचं, मग वास जाईपर्यंत धुऊन काढायचं. कॅम्पवर पोचलं की आधी नळाचं तोंड ब्लीचच्या फडक्याने पुसायचं, दोन मिनिटं पाणी वाहू द्यायचं, मग फिल्टर, मग पाइप. आणि मैल्याच्या पाइपाला ज्याने हात लावला त्याने पांढऱ्या पाइपाकडे नुसतं बघायचंही नाही.

हे सगळं ऐकून नवरा म्हणाला, "झालं, तुझं सोवळं सुरू झालं."

मला असा राग आला की विचारू नका. आईच्या सोवळ्याची टिंगल करण्यात मी अर्धं आयुष्य घालवलेलं आहे. हे सोवळं नाही, हे विज्ञान आहे, असं मी त्याला ठणकावलं, आणि ते वाक्य मला अगदी बिनतोड वाटलं. मुलगी म्हणाली, "ममा, यू आर स्कॅरी." तेही मी कौतुक म्हणूनच घेतलं.

कॅम्पचा कारभार पाहायला एक चाचा होते. जागा त्यांच्या कफीलची, म्हणजे त्यांना व्हिसा देऊन इथे आणणाऱ्या सौदी मालकाची, पण टाकी, नळ, जनरेटर आणि पाण्याच्या टँकरवाल्यांशी होणारी भांडणं हे सगळं चाचांचं. पन्नाशी उलटलेला, रत्नागिरीकडचा खाडीकाठचा माणूस, तीस वर्षांपासून इथे. समुद्रावर वाढलेल्या माणसाला वाळवंटात पाणी राखायला बसवणाऱ्याची मला गंमत वाटते, पण नोकऱ्या अशाच मिळतात. आमची ओळख माझ्या आवाजामुळे झाली. दुसऱ्या सहलीला मी नवऱ्याला पाइपावरून झापत होते, तेव्हा पलीकडून आवाज आला, "ताई पुण्याच्या काय?" मी विचारलं, कसं ओळखलंत. तर म्हणाले, इतकं टोचून आणि इतकं शुद्ध बोलणारं दुसरं कोण असणार. मला हा माणूस तिथल्या तिथे आवडला.

मग दर सहलीला संध्याकाळचा चहा आमच्याकडे ठरून गेला. ते स्टीलच्या डब्यातून स्वतःच्या हातची सांदणं आणायचे. तांदूळ, नारळ, गूळ, आणि मऊ इतकी की मुलगी, जी घरचं काहीही खाताना तोंड वाकडं करते, ती चार-चार खायची आणि त्यांच्याशी चक्क मराठीत बोलायची. मी आठ वर्षं डोकं आपटलं तरी जे झालं नाही ते त्यांनी सांदणांवर करून दाखवलं. त्यांची स्वतःची मुलगी गावी शिक्षिका आहे, तिच्याविषयी ते बोलत आणि मी ऐकत असे. रियाधला मलाझ भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये कोणी असं सहज येऊन बसत नाही. त्या चहाची मी वाट पाहायला लागले होते, हे कबूल करायला हरकत नाही.

आणि मग तो शुक्रवार आला. थंडीचे दिवस, कॅम्प भरलेला. चाचांनी आमच्यासाठी टाकीजवळचा चौकोन राखून ठेवला होता, कारण तिथलं पाणी सगळ्यात चांगलं. आम्ही उतरलो तोवर त्यांनी नळ सोडला, ओंजळीत पाणी घेऊन प्यायले आणि म्हणाले की कालच टाकी स्वतः उतरून घासली आहे, बिनधास्त प्या. एवढंच नाही, माझं काम वाचावं म्हणून पांढऱ्या पाइपाचं टोपण काढून ते टोक नळाला लावायला त्यांनी हातात घेतलं.

मी म्हटलं, "थांबा, चाचा." त्यांच्या हातातून पाइप काढून घेतला. हातमोजे चढवले. ज्या नळाला त्यांचा हात लागला होता तो ब्लीचने खसाखसा पुसला, पाइपाचं टोक पुसलं, आणि दोन मिनिटं घड्याळ लावून पाणी वाहू दिलं. ते बाजूला उभे होते. "करा ताई," एवढंच म्हणाले आणि गेले. मला काहीही जाणवलं नाही. उलट टोकाला त्यांचा अंगठा लागलेला वेळेत दिसला, याचं मला समाधानच वाटत होतं.

त्या संध्याकाळी ते चहाला आले नाहीत. मला वाटलं, गर्दी आहे, कामात असतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाहेर शेगडीवर चहा करत होते, आणि ते टँकर यायची वेळ सांगायला आले. मी म्हटलं, बसा, चहा होतोच आहे. त्यांनी जॅकेटच्या खिशातून एक स्टीलचा पेला काढला. आमचे कप समोर मांडलेले होते, तरीही. खुर्चीवर न बसता ते किंचित वाकले आणि त्यांनी पेला खाली, माझ्या किटलीपासून हातभर लांब धरला.

"माझा पेला हाय, ताई. वरनं वता."

आवाजात राग नव्हता. टोमणाही नव्हता. एखाद्या घरची रीत कळली की पाहुणा जसा ती मुकाट्याने पाळतो, तसे ते पाळत होते. मी चहा ओतला. वरून. दुसरं काय करायचं हे मला सुचलंच नाही. ते दोन घोटांत चहा पिऊन, पेला आपल्याच बाटलीतल्या पाण्याने विसळून गेले.

पुण्याला येण्याआधी आमच्या गावी आळीत एकच नळ होता. आमच्या आधी त्यावर कोण पाणी भरून गेलं हे आई खिडकीतून पाहायची, आणि आपला हंडा लावण्याआधी नळावर एक तांब्या ओतायचा, दोन ओतायचे की नुसताच हंडा लावायचा, हे त्यावरून ठरवायची. तांब्या माझ्या हातात असायचा. मी सात-आठ वर्षांची होते आणि ते काम मी मन लावून करायचे. ज्यांच्यासाठी दोन तांबे ओतले जायचे त्या बाई कधीकधी अजून कोपऱ्यावरच असायच्या, मागे वळून पाहायच्या. मी कधी विचारलंच तर आई म्हणायची, अगं, स्वच्छतेसाठी. मला वाटायचं, थोडी मोठी झाले आणि त्यातून सुटले. आणि इथे, समुद्रापलीकडे, हातमोजे घालून, मी तेच केलं होतं. मला माझीच इतकी शरम वाटली की चहा तसाच गार झाला.

मी त्यांच्या खोलीवर गेले आणि समजावायला लागले. जंतू, ब्लीच, आमची ती पहिली सहल, सगळं सांगितलं. बँकेत मी ट्रेनिंग देते ना, तशीच सुरुवात केली. बाकी फक्त स्लाइड्स नव्हत्या. ते मान हलवत राहिले. व्हय ताई, बरोबर ताई. मी जितकं बोलत गेले तितका मला माझ्या आवाजात आईचा आवाज ऐकू येत गेला. शेवटी "स्वच्छतेसाठी हो" हे शब्द माझ्या तोंडून खरोखरच निघाले, आणि मी गप्प बसले. नवऱ्याने येऊन साक्ष दिली, की ही माझ्याही हातातून पाइप हिसकावते. तो खरं बोलत होता. पण त्याला माझ्या चहाचा कप कधी लांब धरावा लागलेला नाही.

परतीच्या वाटेवर मी नवऱ्याला म्हटलं की आता दुसरा कॅम्प शोधू. तो म्हणाला, शोध, म्हणजे चाचांची पक्कीच खात्री पटेल. हा माणूस वर्षातून दोनदा शहाण्यासारखं बोलतो आणि दोन्ही वेळा मला ते सहन होत नाही.

तीन आठवड्यांनी आम्ही पुन्हा तिथेच गेलो. चाचा लांबूनच हात करून, चौकोन दाखवून निघाले होते. मी त्यांना हाक मारून बोलावलं. फडकं, ब्लीचची बाटली, नवे हातमोजे आणि पांढरा पाइप त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "आजपासून आमचं पाणी तुम्ही जोडायचं. आणि चाचा, त्या दिवशी तुम्हाला जे वाटलं ते आमच्या घरात झालेलं आहे. मी स्वतः केलेलं आहे, लहानपणी. त्या दिवशी तसं मनात नव्हतं. पण दिसलं तसंच, आणि मला ते कळायला हवं होतं."

त्यांनी पांढरा पाइप वाळूत न टेकवता खांद्यावर घेतला.

"पुसणाऱ्याला म्हाईत असतं ताई, कशापायी पुसतो ते," ते म्हणाले. "हात ज्याचा, त्याला कसं कळायचं? आमच्या गावात पण पेला वेगळा असायचा. कुणी कधी सांगितलं नाय, घाणीपायी का आणखी कशापायी."

मी खुर्ची ओढून बसले आणि एकेक पायरी सांगत गेले. त्यांनी खिशातून चष्मा काढून बाटलीवरचं लेबल वाचलं, अरबी बाजूने आणि मग इंग्रजी बाजूनेही. मी एकदा पुसते तिथे त्यांनी तीनदा पुसलं. मी दोन मिनिटं म्हटलं तर ते म्हणाले, पाच. टँकर सकाळीच ओतून गेलाय, लाइनीत गाळ असतो. पाणी त्यांचं होतं, त्याच्याविषयी त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. इतके दिवस मी ते एकदाही विचारलं नव्हतं. नवरा मात्र हे दृश्य मोठ्या समाधानाने पाहत उभा होता. अखेर कोणीतरी माझ्यापेक्षा वरचढ भेटलं होतं.

तेवढ्यात मुलीच्या बुटाची नाडी सुटली. ती मी बांधली, वाळू झटकली, आणि वळते तर पाइपाला मध्येच पीळ पडून त्याचं टोक खाली घसरत होतं. मी ते पटकन उचलून धरलं.

"थांबा, ताई," चाचा म्हणाले. "हात धुतलेत काय?"

त्यांनी पाइप माझ्या हातातून काढून घेतला. बाटलीतलं ब्लीच फडक्यावर ओतलं आणि जिथे माझा अंगठा लागला होता ती जागा, माझ्यासमोर, नवऱ्यासमोर आणि मुलीसमोर, नीट, फिरवून फिरवून पुसली. बाटली माझी होती, नियम माझा होता, कारण मला पाठ होतं. तरी माझे कान तापले.

मी गेले आणि हात धुऊन आले.