संशय सगळ्यांचा, नाव कोणाचंच नाही

तात्या बसरेकर आमच्या घरी आले की पाणीसुद्धा आधी हुंगून मग प्यायचे. आई चिडायची, "तात्यानू, बावडेचा पाणी आसा, ईख नाय!" तात्या शांतपणे म्हणायचे, "बावडेचा आसा ता खरा. पण तांब्यो कसलो?" आणि उरलेलं पाणी अळवाच्या आळ्यात ओतून द्यायचे.

बसरेकर हे काही त्यांचं आडनाव नव्हे. लढाईच्या काळात ते पलटणीबरोबर इराकात बसऱ्याला होते. बंदूक चालवायला नव्हे, तर लष्कराच्या पेट्रोलच्या कोठारावर. बोटीतून पेट्रोलचे डबे उतरवून घ्यायचे, वाळवंटात त्यांच्या थप्प्या लावायच्या, राखायच्या आणि पुढे जाणाऱ्या गाड्यांना डबे द्यायचे, हे त्यांच्या तुकडीचं काम. गावाने त्यांना बसऱ्याचं नाव चिकटवलं आणि ते त्यांना आवडलंही असावं, कारण त्यावर ते कधी रागावले नाहीत.

मालवणच्या उत्तरेला खाडीकाठी आमची वाडी. तात्यांच्या घरापुढचं खळं, म्हणजे अंगण, देवळाच्या वाटेवर होतं. तिथे बाकावर बसून ते येणाऱ्याजाणाऱ्यावर पहारा ठेवायचे. कोणाच्या हातात पिशवी दिसली की, "काय व्हरतंस रे?" रॉकेलचा डबा दिसला तर मग विचारायलाच नको. डबा खाली ठेवायला लावायचे, तो उचलून सांध्यावरून बोट फिरवायचे, बोटाचा वास घ्यायचे आणि मगच वाट सोडायचे. मुंबईहून सुटीवर आलेल्या माझ्या थोरल्या भावाची ट्रंकही त्यांनी उघडायला लावली होती. दादा आठ दिवस धुमसत होता. मला मात्र हा माणूस फार आवडायचा. मी तेव्हा नुकताच शाळेत मास्तर म्हणून लागलो होतो आणि संध्याकाळी त्यांच्या खळ्यात जाऊन बसायचो. माझ्यावरही त्यांचा संशय होताच. मास्तर फुकटचा चहा प्यायला येतो, असा. तो अगदीच खोटा नव्हता.

एके वर्षी देवळातली पितळी घंटा चोरीला गेली. सभामंडपात गाव जमलं. मानकऱ्यांनी थेट तात्यांकडेच मोर्चा वळवला. "तात्यानू, तुमी दिवसभर खळ्यात बसान सगळा बघतास. तुमचो कोणार संशय आसा? फक्त नाव घेवा, फुडचा आमी बघतो."

तात्या उठून उभे राहिले. "संशय माका सगळ्यांचो आसा. तुमचोय आसा. पण नाव मी कोणाचाच घेवचंय नाय."

लोक आधी हसले, मग भडकले. तात्या छत्री उचलून चालू लागले. घंटा काही सापडली नाही आणि अर्धं गाव तात्यांकडेच वाकड्या नजरेने बघू लागलं. रोजच्या भेटीला येणारेही खळं टाळून वरच्या पायवाटेने जाऊ लागले. मला ते बघवेना. एका संध्याकाळी मी सरळ विचारलं, "नाव घेवक तुमचा काय जाता?"

"एकदा घेतललंय," तात्या म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. बसऱ्याला थप्प्यांमधले डबे रिकामे निघू लागले होते. साहेबाने विचारलं, संशय कोणावर? तात्यांनी कुणकेश्वरच्या धोंडूचं नाव घेतलं. धोंडू त्यांचा जिवाचा दोस्त, एका ताटात जेवणारा. पण एकदा तो विनाकारण थप्पीमागे घुटमळताना दिसला होता. धोंडूला कैद झाली आणि नोकरीतून काढून त्याला घरी धाडलं. पुढे कडक उन्हाळ्यात सगळ्यात खालचे, कोणी हातही न लावलेले डबे बाहेर काढले, तर तेही रिकामे. पातळ पत्रा, उन्हाने सांधे उकललेले. पेट्रोल वाळूत जिरून उडून जायचं, मागे डागसुद्धा राहायचा नाही.

"साहेबाक सांगितलास?"

"धीर झालो नाय." तात्या रडत होते.

धोंडू कुणकेश्वरच्या जत्रेत गुळाचं खाजं विकायचा. तात्या दर महाशिवरात्रीला जायचे, लांब उभे राहायचे आणि दुसऱ्या कोणाला तरी पाठवून त्याच्याकडचं खाजं मागवायचे. त्या वर्षी मी त्यांना दंडाला धरून दुकानापुढे उभं केलं.

"धोंडू," तात्या म्हणाले. "बसऱ्याक मी तुजा नाव..."

धोंडूने मान वर केली, ओळखलं आणि परत खाजं पुड्यात भरू लागला. "मगे? खोटा खंय बोललंस? थोडे डबे मी इकललंय खरे. बाकीचे गळले म्हणान मागसून कळला, तेका तू काय करतलंस? घे, खाजा खा."

परतीच्या होडीत तात्या म्हणाले, "खोटा बोललो तो. माका बरा वाटूचा म्हणान." खाडी ओलांडेपर्यंत म्हणाले, "नाय, इकलेय असतीत." त्यानंतर मरेपर्यंत त्यांना हाच एक घोर. "मास्तर, तुका काय वाटता?" मी म्हणायचो, खरंच बोलला. त्यांचा विश्वास बसायचा नाही. शेवटच्या दुखण्यातही मला जवळ बोलावून म्हणाले, "तेना चोरी केल्यान नाय रे. माका ठावक आसा."

तात्या गेल्यावर धोंडू भेटायला आला. मी त्याला होडीच्या तरीवर सोडायला गेलो. होडी काठाला लागली तसा तो माझ्याकडे वळला.

"मास्तर, माजा बोलणा तेका शेवटाक खरा वाटला मां?"

मी "होय" म्हटलं.

"मगे झाला," तो म्हणाला आणि होडीत चढला.