तीन धारांचा लॅपटॉप

खरेदी कशी करावी हे जगात फक्त एकाच माणसाला कळतं आणि तो माणूस श्रीगोंदा तालुक्यात राहतो, असं माझं पक्कं मत आहे. तुम्ही दोघं नातवंडं तिकडे परदेशात मोठमोठ्या दुकानांत जाता, किमतीची चिठ्ठी वाचता, कार्ड पुढे करता आणि पिशवी घेऊन बाहेर येता. दाजी त्याला खरेदी म्हणणार नाहीत, उचलून आणणं म्हणतील. दाजी म्हणजे तुमच्या आजोबांच्या थोरल्या बहिणीचे यजमान. आजोबा त्यांना दाजी म्हणायचे म्हणून मीही म्हणू लागले आणि आता अख्खं गाव म्हणतं. त्यांचा धंदा शेतीचा, पण जीव गुंतलेला जनावरांच्या बाजारात. मिसरूड फुटायच्या आधीपासून ते काष्टीच्या बाजारात म्हशी पारखत आले. स्वतःसाठी कमी आणि दुसऱ्यांसाठी जास्त. कुणाला म्हैस घ्यायची असली की तो आधी दाजींना गाडीवर मागे बसवून न्यायचा. ह्या कामाचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत. चहा मात्र दोनदा घ्यायचे, एक सौद्याच्या आधी आणि एक नंतर.

म्हैस घ्यायची ती रीत त्यांच्या अंगात इतकी मुरली, की पुढे जे जे म्हणून विकत घेतलं ते सगळं त्यांनी म्हशीसारखंच घेतलं. चप्पल घ्यायची तर ती पायात घालून दुकानाबाहेरच्या मातीत पन्नास पावलं चालायचे, मग वळून आपलेच ठसे बघत परत यायचे. दोन्ही पायांचा ठसा सारखा उमटला नाही तर चप्पल नापास. कुकर घेताना दुकानदाराला शेगडी आणायला लावली आणि दुकानातच तीन शिट्ट्या करून घेतल्या. छताचा पंखा घ्यायचा होता तेव्हा त्याखाली खुर्ची टाकून बसले. अर्ध्या तासात डुलकी लागली, मग उठून म्हणाले, "हा द्या." वन्सं, म्हणजे त्यांच्या बायको, नेहमी म्हणतात, "ह्यांच्यासंगं मीठ आणाया जायचं तरी भाकरी बांधून न्यावी लागती."

ह्या पारखीतून मीही सुटले नाही. तुमच्या आजोबांसाठी मला बघायला आले तेव्हा दाजी बरोबर होते. माझे वडील मोठ्या अभिमानाने सांगत होते की मुलगी इंग्रजी घेऊन बीए झाली आहे, कॉलेजात पहिली आली आहे. दाजींनी ते ऐकून घेतलं, मला अंगणातून पाण्याचा तांब्या आणायला सांगितलं आणि मी परत येईपर्यंत माझ्या पायांकडे बघत राहिले. मग माझ्या सासऱ्यांकडे वळून म्हणाले, "चाल चांगली हाय. बाकी कागदावरचं काय खरं धरायचं." ह्या एका वाक्यावर माझं लग्न ठरलं. पुढे तीस वर्षं मी मुलांना इंग्रजी शिकवलं, पण घरात कुणी माझं कौतुक करायचं झालं तर अजूनही चालीचंच करतात.

दाजींचा आणखी एक नियम होता आणि तो मला फार उशिरा कळला. जे जनावर घ्यायचं आहे त्याच्याकडे बघायचं नाही. बाजारात शिरल्या शिरल्या ते भलत्याच म्हशीपाशी उभे राहायचे, तिचे दात बघायचे, तिच्या मालकाशी तासभर घासाघीस करायचे. हवी असलेली म्हैस पाठीमागे उभी असायची आणि तिचा मालक कंटाळून स्वतःच भाव खाली आणायचा.

आता गोष्ट लॅपटॉपची. गेल्या वर्षी दाजींच्या नातीला, साक्षीला, पुण्यात कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला प्रवेश मिळाला. वसतिगृहही मिळालं. पण कॉलेजने कळवलं की पहिल्या दिवसापासून प्रत्येकाकडे स्वतःचा लॅपटॉप हवा. साक्षीचे वडील म्हणाले, यंदा राहू दे, पुढच्या वर्षी ऊस गेला की बघू. पुढच्या वर्षी म्हणजे काय, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. दोन स्थळं आधीच येऊन चहा पिऊन गेली होती. साक्षीने जेवण सोडलं. दाजींनी दोन दिवस हे पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी गोठ्यातली शेवटची म्हैस विकली. वसतिगृहाचं भरून झाल्यावर हातात पंचवीस हजार उरले. ते घेऊन दाजी आणि साक्षी एका शनिवारी सकाळी नगरला माझ्याकडे आले. सोमवारी कॉलेज सुरू होणार होतं.

"वहिनी, तुमी इंग्रजीवाल्या," दाजी म्हणाले. "त्या डब्यावर काय लिहिलंय ते वाचायचं काम तुमचं. घ्यायचं काम माझं."

मला हे आवडलं नाही. मी आधीच एका कागदावर तक्ता करून ठेवला होता. प्रोसेसर, मेमरी, साठवण, वजन, हमी, किंमत असे रकाने आणि प्रत्येकापुढे गुण. दाजींनी तक्ता हातात घेतला, उलटासुलटा केला आणि विचारलं, "ह्यात त्याची खोड कुठं लिहिलीय?"

पंचवीस हजारांत नवा लॅपटॉप मिळत होता, नाही असं नाही. पण पहिल्या दुकानात साक्षीने तो चालू केला आणि एक खिडकी उघडेपर्यंत आमचं बोलणं संपलं. दाजी त्या चकचकीत झाकणावरून हात फिरवून म्हणाले, "कातडं झ्याक हाय. दूध न्हाई." मग दुकानातल्याच एका माणसाने सांगितलं की मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षं वापरलेले लॅपटॉप काढून टाकतात आणि ते दुरुस्त करून विकणारं एक दुकान माळीवाड्यात आहे. मी नाक मुरडलं. दाजींचा चेहरा मात्र पहिल्यांदा उजळला. "दुसऱ्या-तिसऱ्या येताचीच म्हैस घ्यावी," ते म्हणाले. "पहिल्या येताची नखरे लई करती." येत म्हणजे म्हशीचं बाळंतपण.

त्या दुकानात दोन माणसं होती. गल्ल्यावर तिशीतला मालक आणि कोपऱ्यात खुर्चीवर त्याचे वडील, डोक्याला टोपी, मांडीवर पेपर. माझ्या तक्त्यात पैकीच्या पैकी गुण मिळवणारा एक लॅपटॉप समोरच होता. चंदेरी, पातळ, दिसायला देखणा, किंमत साडेचोवीस हजार. मी पैसे काढायला सांगणार तेवढ्यात दाजींनी मालकाला विचारलं, "कंपनीनं का इकला?"

"तीन वर्षं झाली की बदलतात आजोबा."

"मारकुटा न्हाई ना?"

मालक हसला. दाजी हसले नाहीत. त्यांनी झाकण वीसेक वेळा उघडलं आणि मिटलं, दर वेळी सांध्याला कान लावून. साक्षीला एकेक बटण दाबायला लावून ते स्वतः पडद्यावर उमटलेलं अक्षर बघत राहिले. "दात बघतोय," त्यांनी मला समजावलं. मग पोटाखाली हात घालून ताप पाहिला. हे सगळं होईतो दुकानात चार गिऱ्हाइकं येऊन गेली होती आणि मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभी होते.

"छान आहे ना? मग करू बिल?" मालकाने विचारलं.

"तीन धारा बघू, मंग बोलू."

ही बाजारातली जुनी रीत. दुभती म्हैस घ्यायची तर विकणाऱ्याच्या शब्दावर जायचं नाही; आज सकाळी, संध्याकाळी आणि उद्या सकाळी, अशा तीन वेळा आपल्यासमोर धार काढून दूध मोजायचं. दाजींचं म्हणणं असं की चार्जर काढून लॅपटॉप तीन वेळा, बॅटरी पूर्ण संपेपर्यंत चालवून दाखवा.

"आजोबा, ही म्हैस नाहीये," मालक म्हणाला.

"म्हून तर. म्हशीला खोटं बोलता येत न्हाई. हिच्या आत काय हाय ते तुला तरी ठावं हाय का?"

मालक नाही म्हणणार होता, पण कोपऱ्यातून त्याचे वडील म्हणाले, "चालू दे रे. वीजच जाईल ना." आणि परत पेपरात शिरले.

पहिल्या धारेला तीन तास निघाले. मी दाजींकडे विजयाने पाहिलं. संध्याकाळी दोन तास. मी म्हटलं, दमला असेल. रविवारी सकाळी दुकान उघडल्या उघडल्या आम्ही हजर. लॅपटॉप चालू केला. पाऊण तास झाला, पडद्यावर बॅटरी अजून चाळीस टक्के दाखवत होती, आणि तो बसल्या जागी मिटला. चार्जर लावला तेव्हा उठला.

"पान्हा चोरती," दाजी शांतपणे म्हणाले.

माझा तक्ता मी घडी करून पर्समध्ये ठेवला. दुकान दुपारी बंद होणार होतं. साक्षी माझ्याशेजारी स्टुलावर बसली होती आणि ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळत होती. तिला मी म्हटलं, "मिळेल गं दुसरा," पण तीन वेळा संपवून बघायला वेळ कुठे उरला होता? दाजींना म्हटलं, आता रीत बाजूला ठेवा, जो दिसेल तो घेऊ.

दाजींनी मागच्या टेबलाकडे बोट केलं. तिथे एक काळा, जाडजूड, झाकणावर ओरखडे पडलेला लॅपटॉप होता. इतका ओबडधोबड, की तक्त्यात घ्यावा असंही मला सुचलं नव्हतं. "त्याची तिसरी धार चालूच हाय," ते म्हणाले. "काल ह्या थोरल्या शेठना सांगून ठिवलं हुतं, त्योबी लावा म्हून. काल दोन्ही डाव सारखाच, चार तास. ह्यो डावबी तसाच चाललाय." आणि माझ्याकडे न बघता पुढे म्हणाले, "तुमची बघायची हुती वहिनी. घ्यायची ही हुती."

दोन दिवस आपण भलत्या म्हशीपाशी उभे होतो हे मला तेव्हा कळलं.

काळ्याची तिसरी धारही चार तासांची भरली, पण अडचण संपली नव्हती. काळ्याची किंमत होती अठ्ठावीस हजार आणि दुकानात ठसठशीत पाटी होती, एकच भाव. मालक पाटीकडे बोट दाखवून हात जोडत होता. वरचे मी घालते असं मी म्हणून पाहिलं. दाजींनी मान हलवली. "म्हशीच्या पैशांत बसलं पायजे. पोरीवर उद्या कुनाचा उपकार नगं."

"आबा, राहू द्या," साक्षी हळूच म्हणाली. "जाईन मी पुढच्या वर्षी."

दाजींनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते उठले, कोपऱ्यातल्या खुर्चीपाशी गेले आणि खांद्यावरचं उपरणं काढून आपल्या उजव्या हातावर टाकलं. मालकाच्या वडिलांनी पेपर बाजूला ठेवला आणि आपला हात त्या उपरण्याखाली सरकवला.

तुम्ही हे कधी पाहिलं नसेल. जनावरांच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. कापडाखाली एकमेकांची बोटं धरून ठरवतात. किती बोटं धरली, कुठून धरली, त्यावर आकडा. शेजारी उभ्या असलेल्याला काही कळत नाही. दोन्ही म्हाताऱ्यांचे चेहरे मारुतीच्या मूर्तीसारखे कोरे होते. उपरणं मात्र मधूनच हलत होतं. एकदा शेठजींनी हात काढून घेतला, टोपी सारखी केली आणि परत घातला. मालक आ वासून बघत होता. शेवटी शेठजी म्हणाले, "न्या. पोरगी शिकंल."

"पप्पा, कितीला?" मुलाने विचारलं.

"बिल मी करतो. तू बॅग काढ."

मागाहून कळलं की हे शेठजी तरुणपणी काष्टीच्या बाजारात दावी आणि कासरे विकायला बसत. शनिवारी दाजींनी सांध्याला कान लावला तेव्हाच त्यांनी ओळखलं होतं. भाव किती ठरला ते मी दाजींना नंतर चारदा विचारलं. "कापडाखालचं कापडाखालीच," एवढंच उत्तर. पण त्याच पैशांत साक्षीची पुण्याची एसटी झाली आणि वन्संसाठी पावशेर पेढेही आले. गावी वन्संनी लॅपटॉपला ओवाळलं, झाकणावर कुंकवाचं बोट उमटवलं आणि चार्जरला काळा दोरा बांधला. सोमवारी साक्षी गेली. तिच्या वडिलांनीच स्टँडवर सोडलं.

गेल्या आठवड्यात दाजी गुडघे दाखवायला नगरला आले होते. दुपारी माझ्या टॅबवर साक्षीचा व्हिडिओ कॉल आला. दाजी अगदी जवळ तोंड नेऊन बोलत होते. किती टैम चालतंय? चार तास, आबा. ताप? नाही. बटनं? सगळी चालतात. दहा मिनिटं त्यांनी फक्त लॅपटॉपची चौकशी केली. तिला तू कशी आहेस म्हणून एका शब्दाने विचारलं नाही. कॉल संपला, पडदा काळा झाला, तरी ते तिकडेच बघत बसले होते.

मग म्हणाले, "वहिनी, पोरगी वाळल्यावानी दिसती का हो? का काचंतच तसं दिसतं?"

आयुष्यभर ज्याने नजरेने पारखलं त्या माणसाला दुसऱ्याला विचारताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

"काचेतच तसं दिसतं, दाजी," मी ठामपणे सांगितलं. दर रविवारी ह्याच टॅबवर तुमच्याशी बोलून झालं की मी स्वतःलाही हेच सांगते, तेवढ्याच ठामपणे.