चिंचोक्याची हुशारी

आधी माझा मूर्खपणा सांगते, मग आजार. मंचरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी माझ्या नातीच्या सोनोग्राफीचा कागद वाचला आणि विचारलं, "या मुलीला पाणी कोण पिऊ देत नाही?" मी वर पंख्याकडे बघत बसले. पाणी तोडणारी मीच होते.

तरुणपणी निमगाव सावाच्या शिवारात कांदे काढायला जायचे, तेव्हा आडोसा नसायचा आणि बांधावर बाप्ये. म्हणून सकाळपासून पाणीच प्यायचं नाही. तोंड सुकू नये म्हणून भाजलेला चिंचोका गालात धरायचा. दिवे लागेस्तोवर मी कळ काढायचे. बाया मला उंटीण म्हणायच्या आणि ही शहाणी नवा हार घातल्यागत मिरवायची. अक्कल एवढीच.

माझी नात आरती नववीत गेली. म्हणाली, शाळेत मुलींच्या संडासाला कडी नाही, एकीनं दार धरायचं आणि दुसरीनं जायचं. मी काय केलं? तिच्या दप्तरात चिंचोके टाकले. "आमी न्हाई का काढली कळ? तुला काय धाड भरलीय!" पाण्याची बाटली भरलेलीच परत यायची. मी ती कढीपत्त्याला ओतायचे आणि म्हणायचे, झाड काय तरारलंय!

दहावी सुरू झाली आणि तिला हुडहुडी भरून ताप आला. उजवी कूस धरून पोर वाकडी व्हायची. गावातल्या गोळ्यांनी ताप उतरायचा, पुन्हा चढायचा. शेवटी मुलानं तिला भाजीच्या टेम्पोत घालून मंचरला आणलं.

आजाराचं नाव पायलोनेफ्रायटिस. म्हणजे लघवीतले जंतू वर चढून किडनीत पोचणं. युरिन कल्चर केलं. त्यात ते जंतू वाढवून बघतात, कुठल्या औषधानं मरतात ते. रिपोर्ट येईपर्यंत बाकावर बसायचं. शेजारची बाई विचारायची, "काय झालंय हो पोरीला?" मी ठोकून द्यायचे, टायफॉइड. वयात आलेल्या पोरीचं लघवीचं दुखणं म्हटलं की लोक भलतंच धरतात. आरती मात्र भिंतीवरच्या चित्रातली किडनीच्या भागांची नावं मला वाचून दाखवत होती. विज्ञान तिचा आवडता विषय.

सलाइनमधून औषध गेलं, ताप उतरला. दिवाळीनंतर पुन्हा तेच. या वेळी किडनीवर स्कारिंग दिसलं, म्हणजे जखम भरल्यावर राहतो तसा वण. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा वण जाणार नाही. नवा होऊ द्यायचा नाही. भरपूर पाणी, आणि दर दोन-तीन तासांनी लघवीला जायचं. दाबून ठेवायची नाही."

शाळेत तिच्या वर्गाच्या सरांना सांगितलं, तिला तासाला मधेच जाऊ देत जा. ते लगेच हो म्हणाले. पण भर वर्गात हात वर करून विचारायचं. मागून आवाज यायचा, "टाकी भरली, टाकी!" सरसुद्धा हसू दाबायचे.

मग माझ्या अंगात आलं. नवी कडी घेऊन शाळेत गेले. दार इतकं कुजलेलं, स्क्रू धरेना. म्हणून दाराशी काठी घेऊन बसले. "या रे मुडद्यांनो, कोन हसतंय बघू!" पोरं पांगली. मला वाटलं, जिंकले. त्या दिवशी आरती घरी आली आणि भिंतीकडं तोंड करून निजली. मी आता टाकीची आजी झाले होते. तिनं पुन्हा पाणी पिणं सोडलं, ताप परत आला. त्यानंतर ती शाळेत गेली नाही. बोर्डाची परीक्षा आली आणि गेली.

गाव म्हणतं, पोरीचं अभ्यासात मन नव्हतं. म्हणू दे. बायांनो, तुमच्या पोरीची बाटली भरलेली परत आली तर झाडाला ओतू नका. आधी तिला विचारा. मला हे कळलं तेव्हा वण उठून गेला होता.

आरती आता बायांबरोबर कांदे काढते, त्याच शिवारात. परवा तिची भाकरी घेऊन गेले. म्हटलं, "जूनपासून जा गं शाळेत. मी सरांच्या पाया पडते, पोरांच्याबी पडते." तिनं अर्धी बाटली घटाघटा रिकामी केली, उभ्या मक्याआड जाऊन आली, विळा उचलला आणि वाफ्यात बसत म्हणाली,

"आज्जे, हितं मी पोटभर पानी पिते. हात वर करून कुनाला इचारावं लागत न्हाई."