मोटारीचं तेल

बाबानं जव्हार-मोखाडा जीप चालवणं थांबवलं, त्या दिवशी मालकानं त्याला एक तेलाचा डबा दिला. मालकाच्या स्वतःच्या मोटारीसाठी आणलेलं महागाचं तेल होतं ते. बाबाकडे मोटार नव्हती. माझी मोटरसायकल होती, मोखाड्याला नोकरीवर जायला घेतलेली.

दिवाळी झाली आणि दाभोशाच्या आत्याचा निरोप आला. तिच्या घरची सगळी दुसऱ्या दिवशी दुपारी भिवंडीकडच्या वीटभट्टीवर कामाला निघणार होती. "दादाला म्हणावं, जायच्या आधी येऊन जा." एका लग्नातल्या मानपानावरून बहीणभावांचं बोलणं तुटलं होतं, आणि पहिला शब्द तिनं टाकला होता. संध्याकाळी त्यानं माझ्या गाडीतलं जुनं तेल काढलं आणि तो डबा फोडला.

"बाबा, हे मोटारीचं आहे ना?"

"मग? मोटारीला चालतं ते फटफटीला का नाय चालणार? उद्या बघ, लोण्यावानी पळेल."

इतकी वर्षं घाटात जीप चालवलेला माणूस. मी मान डोलावली.

सकाळी निघालो. मी पुढे, बाबा मागे, मांडीवर आत्यासाठी घेतलेलं लुगडं. सपाटीवर गाडी खरंच मऊ चालली. जव्हारच्या अलीकडच्या चढाला मात्र इंजिन नुसतंच ओरडायला लागलं, चाक काही जोर धरेना. बाबा उतरला आणि मागून ढकलू लागला. असं करत जव्हारला पोचायलाच ऊन डोक्यावर आलं.

गॅरेजवाल्यानं तेल बोटावर घेतलं. "हे मोटारीचं आहे. मोटरसायकलच्या क्लचप्लेटा याच तेलात बुडालेल्या असतात. हे फार गुळगुळीत, प्लेटा एकमेकींना धरतच नाहीत. कुणी घातलं?"

"मी," बाबा म्हणाला.

गाडी तिथेच टाकली आणि दाभोशाची जीप धरली. ती भरेपर्यंत आणखी वेळ गेला. बाबा आत बसून ड्रायव्हरला दोनदा म्हणाला, "काढ ना आता."

आत्याच्या दाराच्या कडीत कुलपाऐवजी काडी अडकवलेली होती. शेजारीण सूप घेऊन बाहेर आली. "टेम्पो हॉर्न मारत होता तरी चढत नव्हती. शेवटी पोरानं हात धरून चढवली."

बाबा ओट्यावर टेकला. मग लुगडं शेजारणीकडे देऊन म्हणाला, "आली का दे."

पण आत्या परत आलीच नाही. पावसाळ्यात भट्ट्या बंद होऊन माणसं गावी परततात, तेव्हाही ती मुलाबरोबर भिवंडीलाच राहिली. कधी तिचा फोन येतो. बाबा "बरी हायस ना?" एवढंच विचारतो आणि फोन माझ्या हातात देतो. मी म्हणते, चल, भिवंडीला जाऊन येऊ, एसटीनं जाऊ. तो म्हणतो, बघू.

आता तेल मी जव्हारहून आणते, बाटलीवर मोटरसायकलचं लिहिलेलं बघून. गॅरेजवालाच ते बदलतो. बाबा गाडीला हात लावत नाही.