दिंद्रुडच्या रस्त्यावरची दुसरी फुली

“मध्यम वेगाने, असं लिहा,” असे बाबूरावांनी सांगितले, तेव्हा ते शब्द माझ्या कागदावर आधीच उमटलेले होते.

तालुक्याच्या कचेरीबाहेर लिंबाच्या झाडाखाली माझे टेबल आहे. मी अर्जनवीस. ज्यांना सरकारशी कागदावर बोलता येत नाही, त्यांच्या वतीने बोलणारा तो अर्जनवीस. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले आणि नववीलाच दोनदा झाले. पण वकिलाचा अर्ज आणि माझा अर्ज शेजारीशेजारी ठेवले, तर माझा अर्ज जाड भरतो, हे मी जबाबदारीने सांगू शकतो.

बाबूराव हे एका सेवा सोसायटीचे गटसचिव, म्हणजे शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या त्या सहकारी संस्थेचे दप्तर सांभाळणारे गृहस्थ. त्या दुष्काळात धरण तळाला गेले होते आणि कारखान्याला जाणारा ऊस तुकडे होऊन जनावरांच्या पुढ्यात पडत होता. सोसायटीने चारा छावणी चालवायला घेतली होती, त्यामुळे बाबूरावांचे वजन वाढलेले होते. ते आदल्या रात्री छावणीवरून मोटारसायकलने परतताना दिंद्रुडच्या रस्त्यावर मेंढरांच्या कळपात घुसले. दोन मेंढ्या मेल्या. बाबूरावांचे कोपर सोलले. सूर्यास्तानंतर कोणीही डांबरी रस्त्यावर कळप आणू नये, असा हुकूम व्हावा, ही त्यांची मागणी.

“अर्जदार हा आपल्या योग्य बाजूने, मध्यम वेगाने, वाहतुकीचे सर्व नियम पाळून जात असता...” वीस वर्षांत अपघाताचा एकही अर्ज मी या वाक्यावाचून सुरू केलेला नव्हता. कोणाला म्हैस आडवी आलेली असे, कोणी पिऊन पुलाच्या कठड्यावर गेलेला असे. माझ्या कागदावर सगळे मध्यम वेगानेच जात. मेंढपाळांना मी त्या अर्जात तीनदा ‘बेजबाबदार’ म्हटले. चौथ्यांदाही म्हणणार होतो, पण कागद संपला.

तहसीलदारसाहेबांनी दोन दिवसांनी दोन्ही बाजूंना बोलावले आणि अर्जदाराने जागेचा कच्चा नकाशा आणावा, असा शेरा मारला. कच्चा नकाशा म्हणजे पावलांनी अंतर मोजून हाताने काढलेले चित्र. अपघात झाला त्या जागेवर फुली मारायची असते.

“माझं कोपर असं झालंय. तुमीच जाऊन या,” बाबूराव म्हणाले. “पन दिवसा जा बरं का.”

“मला रस्ता शिकवू नका, सचिवसाहेब,” मी म्हणालो.

सुनावणीच्या आदल्या दिवशी दुपारी ऊन फार होते म्हणून मी पडलो आणि पाच वाजता निघालो. जागा सापडली. एका बाजूला कोरडी चारी, म्हणजे शेताकडे पाणी नेणारा लहान कालवा, आणि दुसऱ्या बाजूला बाभळ. पंधरा मिनिटांचे काम होते. परंतु मी बाभळीला पाने काढत बसलो. नंतर बाभळीची सावली काढली. सावली काढून मान वर केली, तेव्हा खऱ्या बाभळीला सावली उरलेली नव्हती. त्यात एका ओळखीच्या गृहस्थांनी दोन मैल पुढच्या आपल्या वस्तीवर चहाला नेले आणि तिथे मी अपघातांच्या कारणांवर थोडे बोललो. निघालो तेव्हा पुरता अंधार झाला होता आणि परतीची वाट त्याच जागेवरून होती.

इथे वाचकांच्या माहितीसाठी एक गोष्ट सांगणे भाग आहे. जुन्या मोटारसायकलचा हेडलाईट इंजिनाच्या जोरावर पेटतो. रेस वाढवली की उजेड वाढतो, गाडी हळू केली की दिवा पणतीसारखा होतो. म्हणजे दिसत नाही म्हणून माणूस हळू झाला, तर त्याला आणखी दिसेनासे होते. ज्याला हे ठाऊक असते, तो रात्री निघतच नाही, किंवा गाडी मेकॅनिककडे नेऊन बॅटरीवर दिवा करून घेतो. मला हे ठाऊक नव्हते, कारण दिवेलागणीनंतर मी गाडी कधी चालवलीच नव्हती. उजेड हवा म्हणून मी रेस वाढवत गेलो. उजेड मिळाला, त्याबरोबर वेगही मिळाला. हेडलाईटच्या काचेवर महिनाभराची धूळ होती, ती पुसावी असे मनातही आले नाही.

माझ्याकडे हेल्मेट होते. परंतु नकाशाला घडी पडू नये म्हणून तो गुंडाळून, बाबूरावांच्या अर्जाच्या प्रतीसह, मी हेल्मेटात ठेवला होता आणि हेल्मेट टाकीवर मांड्यांत धरले होते. कागद सुरक्षित होते. डोके उघड्यावर होते.

समोरून एक दिवा आला. एकच दिवा, म्हणजे मोटारसायकल, असा माझा निष्कर्ष. जवळ आल्यावर त्या दिव्याच्या डाव्या हाताला उसाने भरलेली ट्रॉली ओढणारा अख्खा ट्रॅक्टर निघाला. त्याचा माझ्याकडचा दिवा फुटलेला होता. मी साइडपट्टीच्या मुरमावर उतरलो, कसाबसा वर आलो आणि डोळ्यांपुढे नुसती हिरवी-पिवळी वर्तुळे फिरू लागली. समोरचा उजेड डोळ्यांवर आला की त्याच्याकडे बघू नये, आपल्या डाव्या कडेकडे बघावे आणि नजर परत येईपर्यंत गाडी जवळजवळ थांबवावी, हे मला आज माहीत आहे.

वर्तुळे विरली तेव्हा लांबवर वस्तीचे दिवे दिसले. लहान लहान, हिरवट, पंचवीस-तीस तरी असतील. मला हायसे वाटले. लोडशेडिंगच्या वेळी एवढे दिवे कसे, हा प्रश्न पडायला हवा होता. मी वस्तीच्या दिशेने रेस वाढवली.

मग ती वस्ती चालू लागली.

काळ्या डांबरावर काळी मेंढरे होती, आणि ते त्यांचे डोळे होते. मी गाडी कडेच्या मुरमावर घातली आणि पुढचा ब्रेक मुठीत आवळला. मुरमावर पुढचा ब्रेक एकटा दाबला की पुढचे चाक जागच्या जागी घसरते. गाडी एकीकडे गेली, हेल्मेट दुसरीकडे, आणि मी चारीत.

“जित्ता हाय का रं?” वरून एका बाईचा आवाज आला.

“आहे,” मी शक्य तितक्या भारदस्तपणे म्हणालो.

टॉर्चचा मिणमिणता उजेड तोंडावर पडला. “अगं बया, म्हातारं हाय की हे! म्हसू, धर त्याला.”

मी तेव्हा एक्कावन्न वर्षांचा होतो. पण चारीत उताणे पडून वयाविषयी हरकत नोंदवता येत नाही.

ती कोंडाबाई, कळपाची मालकीण. टॉर्च धरणारा म्हसू हा तिचा धाकटा दीर. मेंढरांपैकी एकालाही खरचटले नव्हते. माझे उजवे कोपर मात्र बाबूरावांसारखेच सोलून निघाले होते. कोंडाबाईने खांद्यावरची बाटली काढली आणि माझ्या कोपरावर पाणी ओतले.

“बाई, पाणी कशाला घालवता?”

“माती हाय त्यात. गप बसा.”

मी विचारले, “पण कळप घेऊन रात्री कशाला निघता?”

“हौस हाय आमाला,” ती म्हणाली. “दादा, हिरीवर दिसभर सरकारी टँकर भरत्यात. मंग बायांच्या घागरी. समदं झाल्यावर खाली जे सांडलेलं ऱ्हातं, ते आमच्या जनावराला. ते मिळस्तवर दिवस बुडतो. वाट ही येकच. आता कुन्या सचिवानं अर्ज दिलाय, रातच्याला रस्त्यावर याचं न्हाई. उद्या कचेरीत जायाचंय. साह्यबानं हा म्हनलं की समदी इकायची बाजारात. तान्हेनं मरायच्या आत इकलेली बरी.”

मी कोपराकडे बारकाईने पाहू लागलो.

तेवढ्यात म्हसूने रस्त्यावरचे हेल्मेट उचलून आणले. त्यातले कागद बाहेर आले होते. म्हसू चौथी शिकलेला होता आणि शिकलेल्या माणसाला कागद दिसला की राहवत नाही, हे मला स्वतःवरून ठाऊक आहे. तो टॉर्च धरून एकेक अक्षर लावू लागला.

“बे... जबाब... दार... मेंढ... पाळ. वयनी, हे आपल्यावरच हाय! आन् सचिव म्हनं मध्यम येगानं चालला व्हता!”

कोंडाबाईने त्याच्या हातातला टॉर्च घेऊन माझ्या तोंडावर धरला.

“तुमी लिवलंय हे?” कोंडाबाईने विचारले.

“लिहिले मी. म्हणणे अर्जदाराचे.”

“त्या राती तुमी व्हता का इथं?”

“नाही.”

“मंग तो मध्यम येगानं व्हता, हे कावून लिवलं?”

वीस वर्षांत कोणत्याही कारकुनाने, वकिलाने किंवा साहेबाने मला हे विचारले नव्हते. मी म्हणालो, “तसे लिहिण्याची पद्धत आहे.”

“आन् आत्ता तुमी कोन्त्या येगानं व्हता?”

म्हसू हसला. कोंडाबाई हसली नाही. तिने नकाशा हातात घेतला आणि उलटा धरून पाहिला. “ही फुली काय?”

“बाबूराव पडले ती जागा.”

“मंग तुमी पडलात ती बी टाका. खरं हाय तेवडंच टाका. दुसरं काय मागत न्हाई मी.”

धंद्याच्या दृष्टीने ही मागणी भयंकर होती. ज्याने अर्ज लिहून घेतला, त्याच्याच विरुद्ध पुरावा अर्जनविसाने आपल्या हाताने काढायचा. शिवाय सोसायटीचे सगळे काम माझ्याच टेबलावर येत असे. मी म्हणालो, “बघतो.” कचेरीच्या भाषेत ‘बघतो’ म्हणजे ‘नाही’, हे तिला बहुधा माहीत असावे. तिने नकाशा गुंडाळून माझ्या हातात दिला. म्हसू टॉर्च घेऊन माझ्यापुढे गावापर्यंत चालत आला आणि मी त्याच्या मागून पहिल्या गिअरमध्ये, डोक्यावर हेल्मेट घालून, घरी पोहोचलो. रात्री एक ओळही लिहिली नाही. सकाळी बायकोने कोपर बांधताना विचारले, “काय झालं?” मी म्हणालो, “योग्य बाजूने, मध्यम वेगाने जात असता...” ती म्हणाली, “मला नको सांगू, अर्जात लिही.”

मग मी नकाशा उलगडला आणि पहिल्या फुलीपासून नऊ पावलांवर दुसरी फुली मारली.

अकरा वाजता आम्ही आत उभे राहिलो. एका बाजूला कोंडाबाई आणि म्हसू, दुसऱ्या बाजूला बाबूराव आणि मी. आम्हा दोघांची उजवी कोपरे सारखीच बांधलेली होती. तहसीलदारसाहेबांनी आधी बाबूरावांचे कोपर पाहिले, मग माझे, मग नकाशा.

“बाभळ छान काढलीय. ही दुसरी फुली कसली?”

“ती मी आहे, साहेब.”

बाबूरावांनी माझ्याकडे वळून पाहिले. मी घडले ते सांगितले. दिवा, रेस, ट्रॅक्टर, वस्ती, सगळे. हेल्मेटाचे सांगताना साहेबांनी तोंडावर रुमाल धरला.

“बरं. मग अर्जात तुम्ही मध्यम वेग लिहिलाय. मध्यम म्हणजे किती?”

“साहेब, ते वाक्य चांगले बसते म्हणून लिहितो.”

साहेबांनी बाबूरावांची गाडी व्हरांड्यापाशी आणवली आणि आतल्या अंधाऱ्या रेकॉर्डरूमच्या दाराकडे तोंड करून चालू करवली. दिवा पेटला की नाही, यावरून दोन शिपायांत वाद झाला. रेस वाढवली तेव्हा दाराचे कुलूप दिसले.

“सचिवसाहेब, एवढा उजेड पडायला तुम्ही किती जोरात जात होतात?” साहेबांनी विचारले. बाबूरावांनी कोपर पुढे केले, पण ते उत्तर नव्हते.

बंदी झाली नाही. कळपाच्या पुढे पन्नास पावलांवर एकाने कंदील घेऊन चालावे आणि एकाने मागे. सोसायटीने त्या जागी दोन्ही बाजूंना पाटी लावावी. बाबूरावांनी दिवा दुरुस्त करून गाडी दाखवावी, असा हुकूम झाला. कोंडाबाई अंगठा देऊन तडक निघून गेली, कारण मेंढरे खोळंबली होती.

बाहेर आल्यावर बाबूराव म्हणाले, “तू कुनाचा अर्जनवीस हायस बे?” त्या दिवसापासून सोसायटीचे काम शेजारच्या टेबलावर गेले. तिथला अर्जनवीस अजूनही सर्वांना मध्यम वेगानेच नेतो आणि त्याचे बरे चालले आहे. माझ्याकडे अपघाताचा कोणी आलाच, तर मी आधी गाडीचा दिवा बघायला बाहेर जातो. मी परत येईपर्यंत पुष्कळसे लोक निघून गेलेले असतात.

पाटीचा मजकूर मात्र साहेबांनी माझ्याकडेच सोपवला. मी रात्र घालवून अकरा ओळी लिहिल्या. त्यात दुष्काळी परिस्थिती, पशुधनाचे महत्त्व आणि दिवा, ब्रेक व डावी कडा यांविषयी सर्व सूचना होत्या. रंगाऱ्याने कागद पाहिला, पत्रा पाहिला आणि तो कोंडाबाईकडे गेला. तिने सांगितले तेच त्याने रंगवले. ‘मेंढरं हायत. हळू.’ हायतचे आहेत करावे, असे मी सुचवले होते. तोवर रंग वाळला होता.

एकदा संध्याकाळी मी मुद्दाम त्या वाटेने गेलो. गाडी आता बॅटरीवर आहे, काच पुसलेली आहे, हेल्मेट डोक्यावर असते. उजेडात आल्यापासून मागे पडेपर्यंत पाटी डोळ्यांपुढे दोन श्वास राहिली. तेवढ्यात तीन शब्द वाचून होतात आणि हात ब्रेककडे जायलाही वेळ उरतो. दिवा जेवढे दाखवतो, तेवढ्यात गाडी थांबली पाहिजे आणि तेवढ्यातच वाचूनही झाले पाहिजे, हे मला तिथे कळले. माझ्या अकरा ओळी वाचायच्या, तर माणसाला गाडी कडेला घेऊन, इंजिन बंद करून, खिशातला टॉर्च काढावा लागला असता. त्या दृष्टीने माझीच पाटी अधिक सुरक्षित ठरली असती, हे मी तहसीलदारसाहेबांच्या निदर्शनास आणून दिले. साहेबांनी घंटी वाजवून पुढच्या माणसाला आत बोलावले.